लव्ह बर्ड्सना काय खाऊ घालू नये? पेरणीचं उरलेलं बियाणं तर अजिबात नको

गावाकडच्या घरांतही आता ओसरीला पिंजरा टांगलेला दिसतो. दुकानात लव्ह बर्ड्स म्हणून मिळणारे हे निळे, हिरवे, पिवळे पक्षी बहुतेक वेळा बजी म्हणजेच बजरीगर असतात. मूळचे ऑस्ट्रेलियातले, गवताच्या बियांवर जगणारे. वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहूनही कमी. त्यामुळे आपल्याला चिमूटभर वाटणारा पदार्थही त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

शेतकऱ्याच्या घरातला धोका

बजीला बाजरी आवडते, म्हणून पेरणीनंतर उरलेलं पिशवीतलं बियाणं काही जण पिंजऱ्यात टाकतात. हे करू नका. लाल, गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेल्या बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेलं असतं. ते धुतलं तरी खाण्यालायक होत नाही. धान्यात किडीची पावडर किंवा गोळ्या ठेवल्या असतील तर तेही देऊ नये. नुकत्याच फवारलेल्या शेतातली कोथिंबीर, मेथी, पालकही टाळा.

हे पदार्थ देऊ नका

• बुरशी लागलेले शेंगदाणे, मका, बाजरी : बुरशीच्या विषाने यकृत खराब होतं. वास कुबट आला तरी फेकून द्या.
• चहा, कॉफी, चॉकलेट : हृदयाचे ठोके वाढतात, झटके येऊ शकतात. चहात बुडवलेलं बिस्कीटही नको.
• शेव, चिवडा, वेफर्स, पापड : जास्त मिठाचा ताण मूत्रपिंडावर येतो.
• कांदा, लसूण : रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते. फोडणीचा भातही देऊ नका.
• अवोकाडो : यातला घटक पक्ष्यांच्या हृदयाला घातक असतो.
• सफरचंदाच्या बिया : चावल्यावर सायनाइड तयार होतं. बिया काढून गर दिला तर चालतो.
• कच्चा राजमा, हिरवे किंवा कोंब आलेले बटाटे, टोमॅटोची पानं : यात नैसर्गिक विष असतं.
• दूध-पोळी, दूध-भात : पक्ष्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात.
• दारू : गंमत म्हणून थेंबभरही नको.

बसायला फांदी लावतानाही बघून लावा. बजी साल कुरतडतात. कण्हेर, रुई, धोतरा, एरंड नको. पेरू किंवा कडुलिंबाची फांदी चालते.

मग द्यायचं काय?

राळा, वरई, खाण्याची स्वच्छ बाजरी, धुतलेली कोथिंबीर, पालक, किसलेलं गाजर, कोवळं मक्याचं कणीस. पाणी रोज बदलावं. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवावा.

विषबाधा कशी ओळखाल?

पक्षी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो, उलटी करतो, विष्ठा पातळ होते, श्वास घेताना शेपटी वरखाली हलते. बजी आजार लपवतो, त्यामुळे ही लक्षणं दिसली म्हणजे वेळ कमी आहे असं समजा.

उरलेलं खाणं लगेच काढा. पक्ष्याला उबदार, शांत जागी ठेवा. चोचीत दूध, तेल, मिठाचं पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. काय खाल्लं त्याचा नमुना किंवा बियाण्याची पिशवी सोबत घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. विष कोणतं ते कळलं तर डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात.