पोलाद आणि गंज

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचे अहमदनगर, येथे फेब्रुवारी १९९४ मध्ये भारतीय लष्कराच्या चिलखती दलाने रणगाडा-संग्रहालय स्थापन केले. तेथील रणगाड्यांच्या मेळ्यात रोल्स-रॉइसची एक चिलखती मोटार उभी आहे. धनिकांच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीचाच सांगाडा तिच्या चिलखताखाली आहे. १९१४ साली इंग्रजांच्या आरमारी हवाई दलाने त्या सांगाड्यांवर शोभिवंत साजाऐवजी पोलादी पत्रे चढविले आणि विलासाचे वाहन युद्धाचे झाले.

बंदुकीच्या गोळीला न जुमानणाऱ्या या पोलादाचा खरा वैरी गंज होय. हवेतील प्राणवायू व ओलावा मिळून लोखंडाचे भुसभुशीत भस्म करतात. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणूनच जुन्या मोटारींच्या बंपरांचे बोल्ट जखडून बसतात. तेथे नुसते बळ उपयोगी नाही. तेल मुरू द्यावे लागते. गंज खरवडल्यावर पूर्वी जवसाच्या तेलात कालविलेला शेंदूर फासीत असत. त्यातील शिसे विषारी असल्याने पुढे जस्ताचे लेप आले.

नवा भाग बसविणे सोपे खरे. परंतु जुनाच भाग स्वच्छ करून पुन्हा जागी बसविला, तरच मोटार आपल्या काळाची साक्षीदार राहते. एरव्ही उरते ती केवळ प्रतिकृती.