अंडे कोणाचे, ऊब कोणाची

लहानपणी आमच्या आजीने बदकाची सहा अंडी एका खुडूक कोंबडीखाली बसवली होती. पिले निघाली, थोड्याच दिवसांत ओढ्यात उतरली आणि काठावर त्या कोंबडीने जो आकांत मांडला, तो अजून माझ्या कानांत आहे. आजी एवढेच म्हणाली, "ओरडू दे रे तिला. उबवलंय तिनं." पुढे हंसपालनाचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा ही कोंबडी मला पुन्हा भेटली.

हंस म्हणजे येथे कवींचा नीरक्षीरविवेकी हंस नव्हे. अंगणात मान पुढे काढून फिसकारत अंगावर येणारा, तो. चीनच्या झेजियांग प्रांतात तिआनलुओशान येथे सुमारे ७००० वर्षांपूर्वीची भातशेतकऱ्यांची वस्ती सापडली आहे. तेथील हंसांच्या हाडांविषयीचे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. रानहंस त्या भागात हिवाळ्यापुरते येतात, अंडी घालतात ती दूर उत्तरेत. तरीही हाडांत काही अवघ्या दोन-चार महिन्यांच्या पिलांची निघाली! एवढी कोवळी पिले उत्तरेतून उडत आलेली नव्हेत. ती तेथेच, माणसांच्या सोबतीने अंड्यांतून बाहेर आली असली पाहिजेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन कृषिलेखक कोलुमेला तर आमच्या आजीचाच भाऊ शोभावा. हंसीची अंडी कोंबडीखाली ठेवायची तर तीन किंवा पाच. खुद्द हंसीखाली सातापासून पंधरापर्यंत. थंडीत ३० दिवस लागतात, उबेच्या दिवसांत २५ पुरतात. अंड्यांखाली आग्या वनस्पतीचा पाला घालावा, म्हणजे पुढे पिलांना ती बाधत नाही, असा तोडगाही तो देतो. तोडग्याचे सोडा. पण कोंबडीची स्वतःची मुदत २१ दिवसांची! वरचे दिवस ती बिचारी कोणाच्या हिशेबाने बसते?

आता एकदम विसाव्या शतकात येतो, कारण हे सारे ज्याच्यासाठी सांगितले तो माणूस तेथे आहे. व्हिएन्नाजवळच्या आल्टेनबर्ग गावी कोनराड लोरेन्झ यांनी १९३५च्या सुमारास करड्या रानहंसाची अंडी घरी उबवली. पहिले पिलू निघाले, ते मार्टिना. लोरेन्झ तिच्याकडे पाहत राहिले, आणि तिनेही त्यांना पाहून घेतले. नंतर त्यांनी तिला पांढऱ्या पाळीव हंसीच्या पोटाखाली सारले. पण पिलू रडत त्यांच्याच मागे धावत आले. डोळे उघडताच जो दिसला, तोच आईबाप. रात्रीही ते मधूनमधून साद घाली आणि लोरेन्झ झोपेतून उठून तिला ओ देत.

इथवर वाचून मी या माणसावर लुब्ध झालो होतो. मग कळले की १९३८ साली याच लोरेन्झ यांनी नाझी पक्षाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. आणि १९४०च्या लेखात, पाळीव होताच प्राण्यांच्या उपजत वृत्ती बिघडतात, तशाच शहरी माणसांच्याही बिघडत आहेत आणि अशा हिणकसांना वेचून काढले पाहिजे, असे लिहिले. तो लेख प्रसिद्ध झाला तेव्हा जर्मनीत ही वेचणी सुरू झालेली होती.

मी शाळामास्तर. "त्याचं रक्तच तसलं," हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी स्वतः ऐकले आहे, आणि ऐकून गप्पही बसलो आहे. त्यामुळे लोरेन्झना शिव्या देण्याचा अधिकार मला फारसा नाही. पण मार्टिनाचा सारा अनुभव नेमका उलट सांगत होता. रक्ताने ती रानहंसी, आणि मागे धावली ती एका दाढीवाल्या माणसाच्या! हे त्या चाणाक्ष डोळ्यांना दिसले नसेल?

१९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाटेकरी दोघे, त्यांतले टिनबर्गेन नाझींच्या ओलीस-छावणीत राहून आलेले. त्या वेळच्या आत्मवृत्तात लोरेन्झ यांनी नाझींची परिभाषा वापरल्याबद्दल खेद व्यक्त केला. परिभाषेबद्दल. पाळीवपणाने माणूस बिघडतो, हे मत त्यांनी त्याच वर्षीच्या पुस्तकातही सोडले नव्हते. २०१५ साली साल्झबर्ग विद्यापीठाने त्यांची सन्माननीय पदवी मरणोत्तर काढून घेतली.

आजीची ती कोंबडी मात्र रोज ओढ्यावर जात राहिली. पुढे पुढे ती ओरडेनाशी झाली. काठावर उकरत बसायची आणि संध्याकाळी पिलांना घेऊन घरी यायची.