गोल्फ-स्मृतिवस्तूंचा संग्रह

गोल्फ-स्मृतिवस्तूंचा संग्रह म्हणजे गोल्फ या खेळाशी निगडित जुन्या काठ्या, चेंडू, पदके, ग्रंथ, गुणपत्रके व छायाचित्रे जमवून जतन करण्याचा छंद होय. तो मुख्यतः ब्रिटन व अमेरिकेत रुजला असून अमेरिकेतील ‘गोल्फ कलेक्टर्स सोसायटी’ ही संग्राहकांची संस्था १९७० साली स्थापन झाली.

चेंडू व काठ्या

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चामड्याच्या शिवलेल्या आवरणात उकडलेली पिसे ठासून चेंडू बनवीत. सेंट अँड्रूजचा ॲलन रॉबर्टसन (१८१५–१८५९) या कामात निष्णात होता. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाला मोजकेच चेंडू होत. त्यामुळे ते महाग पडत आणि पावसात भिजले की लवकर निकामी होत. १८४८च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून केलेले गटापर्चाचे स्वस्त चेंडू आले व पिसांचा चेंडू मागे पडला. आज तोच संग्राहकांना अधिक मोलाचा वाटतो.

काठ्यांचे दांडे हिकरी लाकडाचे असत. ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांना १९२९ साली मान्यता मिळाली. जुनी काठी ओळखताना हा काळ उपयोगी पडतो. लोखंडी डोक्यावर घडवणाऱ्या लोहाराची खूण असे. टॉम स्टुअर्टची ‘चिलीम’ ही त्यांपैकी प्रसिद्ध खूण होय.

हौशी खेळाडू

पदक वा काठी कोणाची, यावर तिचे महत्त्व ठरते. त्यामुळे हौशी खेळाडूंचा इतिहास या छंदापासून वेगळा काढता येत नाही. खेळून पैसा घेणारा तो व्यावसायिक, असा भेद त्या काळी काटेकोरपणे पाळला जाई. १८८५ साली हॉयलेक येथे पहिली हौशी स्पर्धा भरली. बक्षिसाची रक्कम स्वीकारल्याच्या कारणावरून डग्लस रोलंड याला तीत प्रवेश नाकारण्यात आला. हॉयलेकच्याच जॉन बॉलनेही किशोरवयात ओपन स्पर्धेत अल्पशी रक्कम घेतली होती, तरी तो हौशीच मानला गेला. एकाच नियमाच्या या दोन फळांत सामाजिक प्रतिष्ठेचा वाटा नव्हता, असे म्हणणे कठीण आहे.

बॉलने पुढे हौशी अजिंक्यपद आठ वेळा मिळवले आणि १८९० साली प्रेस्टविक येथे ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला हौशी व पहिला इंग्रज. हॅरल्ड हिल्टन (१८९२, १८९७) आणि बॉबी जोन्स (१९२६, १९२७, १९३०) हे दोघे सोडल्यास अन्य कोणाही हौशी खेळाडूला ते साधलेले नाही. स्त्रियांमध्ये लेडी मार्गारेट स्कॉट हिने १८९३ ते १८९५ अशी सलग तीन वर्षे ब्रिटिश महिला अजिंक्यपद पटकावले.

अमेरिकेत विसाव्या वर्षी १९१३ची यू. एस. ओपन जिंकणाऱ्या फ्रान्सिस विमेट याचे हौशीपण क्रीडासाहित्याच्या दुकानामुळे १९१६ साली काढून घेण्यात आले व १९१८ साली परत देण्यात आले. त्याच्या विजयाच्या वेळी काठ्या वाहणारा एडी लोअरी अवघा दहा वर्षांचा होता. दोघांचे एकत्र छायाचित्र आजही लोकप्रिय आहे.

भारताशी संबंध

१८२९ साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब होय.

मूल्य व सत्यता

२००७ साली न्यू यॉर्क येथील सोदबीच्या लिलावात अँड्र्यू डिक्सन या जुन्या कारागिराची लांब नाकाची एक काठी १,८१,००० डॉलरना विकली गेली. एवढी रक्कम दिसू लागली की बनावट वस्तूही येतात. ह्यू फिलप (१७८२–१८५६) याच्या नावाचे खोटे शिक्के त्यामुळेच आढळतात. उलट हौसेने घासूनपुसून चकाकवलेली अस्सल काठीही आपले मोल गमावते, कारण लोहाराची खूण त्यात झिजते.

जोन्सची ‘कॅलॅमिटी जेन’ ही मूळ पटर ऑगस्टा नॅशनल क्लबात असून तिची दुसरी आवृत्ती अमेरिकी गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात आहे.