स्वत्वाचा दुरावा

जिनीव्हा येथें तत्त्वज्ञान शिकविणारा आंरी-फ्रेडरिक अमिएल (१८२१–१८८१) हा बाहेरून पाहतां एक शांत, नेमस्त प्राध्यापक होता. त्याच्या मृत्यूनंतर सुमारें १७,००० पृष्ठांच्या रोजनिशींतील वेंचे प्रसिद्ध झाले, तेव्हां त्या शांततेखालीं काय दडलें होतें तें जगास कळलें. १८८० च्या जुलै महिन्यांत त्यानें लिहिलें कीं, सारें परकें भासतें. जणू आपण मरणापलीकडून जीविताकडे पाहत आहों, देहाच्या बाहेर उभे आहों. हें वेड तर नव्हे, असा प्रश्न त्यानें स्वतःस विचारला आणि नाहीं असें उत्तरही दिलें. ज्याला परत येतां येत नाहीं तो वेडा, असा त्याचा युक्तिवाद होता.

तत्पूर्वीं १८७३ मध्यें पॅरिसचे डॉक्टर क्रिसाबेर यांनीं अशा तक्रारींच्या ३८ रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. त्यांच्या मतें दोष इंद्रियांच्या संवेदनांत होता. पुढें १८९८ मध्यें लुदोव्हिक द्युगा यांनीं अमिएलच्याच रोजनिशींतला शब्द उचलून या अवस्थेस ‘डीपर्सनलायझेशन’ हें नांव दिलें. डोळे पाहतात, कान ऐकतात; परंतु आपलेच विचार व आपलींच कृत्यें आपलीं वाटत नाहींत, हें मर्म त्यांनीं दाखविलें.

वेदांती जगास मिथ्या म्हणतो तें विचारान्तीं, आणि त्यांत त्याला शांति लाभते. या पीडितास तसा भास न मागतां होतो व तो त्यास नकोसा असतो. मात्र तो ‘जणू’ हा शब्द कधीं सोडीत नाहीं. भास हा भासच आहे, हें त्याला पुरतें ठाऊक असतें. भ्रमिष्टापासून तो वेगळा ठरतो तो येथेंच.

जागरण, थकवा वा मोठी भीति यांनंतर असा अनुभव क्षणभर पुष्कळांना येतो. शेंकडा एक-दोन माणसांत तो चिकटून राहतो. त्यावर हुकमी औषध अद्याप नाहीं. ‘मी खरा आहें ना?’ अशी घडोघडी परीक्षा घेतल्यानें तो बळावतो. म्हणून भासाचा अर्थ समजावून घेणें, भीति कमी करणें आणि लक्ष हातांतल्या कामाकडे वळविणें, यांवर आजचे मानसोपचारतज्ज्ञ भर देतात. रोग्यानें आपली अवस्था उघड सांगितली, तर घरच्यांनीं तिला ढोंग वा वेड न समजतां ती ऐकून घ्यावी. अमिएलला असा ऐकणारा कागदच काय तो मिळाला. मृत्यूच्या आदल्या महिन्यापर्यंत तो त्यावर लिहीत होता.