हकिमाची हरकत

सोलापुरातली विजापूर वेस विजापूरच्या वाटेची आठवण सांगते. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग आदिलशहाच्या विजापुरातून तंबाखू आणि नक्षीदार चिलीम घेऊन परतला. बादशहाने झुरका घेतला, तेव्हा शाही हकिमाने हरकत घेतली: आपल्या ग्रंथांत या वस्तूची माहिती नाही, पारख झाल्याशिवाय ती घेऊ नये. १६१७ मध्ये जहांगीरने बंदीही घातली. लोकांनी ती मनावर घेतली नाही.

पारख व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवलं. धूर मात्र फुप्फुसात थांबत नाही. त्यातलं बेंझीन रक्तावाटे अस्थिमज्जेपर्यंत, म्हणजे रक्त तयार होतं तिथपर्यंत जातं. २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोगही धूम्रपानाच्या खात्यावर मांडला. सोडल्यावर हा धोका वर्षागणिक कमी होत जातो.

आपल्या सोलापुरात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न वेगळा, तो सुटायलाच हवा. पण म्हणून आपण धूर ओढत राहावं, असं होत नाही.

रमजानमध्ये सहरीपासून मगरिबपर्यंत आपण सिगारेटला हात लावत नाही. इफ्तारचा खजूर खाल्ला, की मशिदीबाहेर काडी पेटते. जो तेरा-चौदा तास राहू शकतो, त्याने रात्रही तशीच काढून पाहावी. हकिमाचं ऐकायला अजून उशीर झालेला नाही.