आमवात (आयुर्वेद)

आमवात हा आयुर्वेदात वर्णिलेला सांध्यांचा विकार होय. चरक व सुश्रुत संहितांत त्यास स्वतंत्र अध्याय नाही; तो माधवकराच्या 'माधवनिदान' ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात येतो. अग्निमांद्यामुळे न पचलेला 'आम' वातासह सांध्यांत साठतो, अशी त्याची उपपत्ती आहे. सूज, जडपणा, ज्वर, अरुची ही लक्षणे असून वेदनेस विंचवाच्या दंशाची उपमा दिलेली आहे.

बोलीभाषेत यालाही 'संधिवात'च म्हणतात आणि सरसकट तेल चोळले जाते. ही गल्लत महाग पडते. उतारवयातील झिजेच्या संधिगतवातात स्नेहन हितकर. आमवातात मात्र आरंभी तेल वर्ज्य मानले आहे. 'चक्रदत्ता'त लंघन, तिक्त व दीपन द्रव्ये आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला असून विरेचन, स्नेहपान व बस्ती त्यानंतर येतात. विरेचनार्थ एरंडेल, किंवा एरंडेलासह हिरडा देतात. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय असलेल्या घोडेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यात हिरडा विपुल असून महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचे ते एक साधन आहे. तेथे प्रामुख्याने गोळा होणारा 'बाळहिरडा' म्हणजे आठळी न धरलेले कोवळे फळ होय.

आमवाताची लक्षणे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी बरीच जुळतात, तरी दोन्ही संज्ञा समानार्थी नाहीत. या आजारात मेथोट्रेक्झेटसारखे औषध सुरू होण्यास विलंब झाल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. म्हणून सकाळचा ताठरपणा व बोटांची सूज काही आठवडे टिकल्यास रक्ततपासणी आवश्यक ठरते.