साथीच्या काळातला एक प्याला

नाशिकमध्ये इंदिरानगरहून महामार्ग ओलांडला की थोड्याच वेळात शरणपूर लागतं. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने वसवलेल्या या वस्तीत गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलंही शिकली. 2020 च्या ईस्टरला शहरातली सगळी चर्चं बंद होती. 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली आणि भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या प्रभुभोजनाचा प्रश्न मंडळ्यांपुढे उभा राहिला: सगळ्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावायचे, की ज्याची त्याची वेगळी पेली? हा वाद श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा रंगवला गेला, पण तो तसा नव्हता. इंग्लंडच्या 1547 च्या कायद्याने भाकर आणि प्याला दोन्ही सर्वांना द्यायला सांगितलं, तेव्हाच निकडीच्या प्रसंगाचा अपवादही ठेवला. पुढे अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात प्लेगसाठी वेगळा नियम आला: संसर्गाच्या भीतीने शेजारी आले नाहीत, तर पाळकाला एकट्याने आजाऱ्यासोबत प्रभुभोजन घेता येईल. शेजाऱ्यांना दोष नाही आणि आजारीही एकटा पडत नाही.

एकाच प्याल्यामुळे साथ पसरल्याची नोंद नाही, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 1998 मध्ये म्हटलं होतं आणि काहींनी त्याचा आधार घेतला. तो आधार कच्चा आहे. नोंद नाही म्हणजे धोका नाही असं होत नाही, आणि कोविड तेव्हा नव्हताच. प्याला थांबवणं योग्यच होतं. माझा आक्षेप आहे तो सोय म्हणून आलेल्या पेल्या कायमच्या करण्याला. नाशिक-नगर पट्ट्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने होती. ज्यांच्यासाठी पाणवठा वेगळा, हॉटेलाबाहेर कपही वेगळा, त्यांनी उष्ट्या-विटाळाचा विचार न करता इतरांबरोबर एका भांड्यातून पिणं म्हणजे चारचौघांत केलेली घोषणाच होती. पुढे ख्रिस्ती झालेल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी पिण्यापर्यंत पोचायला त्यांना मनाशी केवढं झगडावं लागलं, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. चर्चमध्ये जात शिरली नाही असंही नाही. दक्षिणेत प्रभुभोजनाचा क्रम जातीवरून लागे, म्हणून 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना जातिभेद सोडण्याचं फर्मान काढावं लागलं. वेगळं भांडं इथे नुसतं स्वच्छतेचं कधीच नव्हतं.

कोणी म्हणेल, 1415 च्या कॉन्स्टन्स परिषदेनंतर कॅथलिक भाविकांना शतकानुशतकं नुसती भाकर मिळाली, प्याला नाही; त्यांची एकी कुठे मोडली? मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच पेल्यांची गरज उरत नाही. साथ असेल तेव्हा एकच भाकर मोडून सर्वांना द्यावी, प्याला वेदीवर राहू द्यावा. ज्यांना आजाराची भीती आहे त्यांनी साथीनंतरही नुसती भाकर घ्यावी, त्यांचं प्रभुभोजन अपुरं मानू नये. पण पेल्यांचे ट्रे ज्या मंडळ्यांत अजून फिरतात, त्यांच्या पाळकांना आणि पंचांना विनंती आहे: ते आता कपाटात ठेवा आणि तो एक प्याला पुन्हा बाहेर काढा.